कादंबरी वाचून झाली की वहीत काय लिहायचं

वहीसाठी बॉलपेन किंवा शिसपेन्सिल घ्या. शाईचं पेन नको. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माझ्या वाचनाच्या चार वह्या खालच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढल्या आणि माळ्यावर दोरी बांधून पान न पान वाळवलं. बॉलपेनानं लिहिलेलं सगळं वाचता आलं. शाईच्या पानांवर नुसते निळे ओघळ उरले होते. १९९६ ते २००० या वर्षांतली माझी बरीचशी मतं तशीच गेली. ती पुस्तकं पुन्हा मिळतात, पुन्हा वाचताही येतात. पण चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ती वाचून मला काय वाटलं होतं, ते आता कुठून आणायचं?

त्यामुळे कुणी मला "वाचनाची वही कशी ठेवू?" असं विचारलं की मी पेनापासून सुरुवात करते. पुढचं सगळं इथे सविस्तर लिहिते आहे.

मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. रोजकीर्दीत एकही रक्कम व्हाउचरशिवाय चढत नाही. चहाचे चाळीस रुपये असले तरी त्याची पावती लागते. वाचनाच्या वहीलाही मी हाच नियम लावला. "आवडली", "रटाळ आहे", "मनाला भिडली" हे नुसते आकडे झाले. त्यांच्यामागे व्हाउचर हवं, म्हणजे कोणत्या पानावर, कोणत्या प्रसंगात, कोणत्या वाक्याशी तसं वाटलं ते. ते नसेल तर सहा महिन्यांनी मलाच कळत नाही, की हे मत माझं होतं की कुणाकडून ऐकलेलं.

वहीची मांडणी

दोनशे पानी लांब वही घ्या, रेघांची. प्रत्येक पुस्तकाला समोरासमोरची दोन पानं द्या. डावं पान वाचताना भरायचं, उजवं वाचून झाल्यावर. डाव्या पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पुस्तक हाती कसं आलं आणि वाचायला घेतल्याची तारीख. आवृत्ती लिहायचा कंटाळा करू नका. नव्या आवृत्तीत अक्षर बदलतं, पानं पुढेमागे होतात आणि तुमचं "पान ८४" कुठेच सापडत नाही.

माझी निम्मी पुस्तकं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातून येतात. १८६४ सालचं हे वाचनालय, २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांचं पाणी सोसलेलं. तिथल्या पुस्तकावर पेन्सिलीची रेघसुद्धा ओढायची नाही. मग खुणा कशा करायच्या? रद्द झालेल्या व्हाउचरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या मी उभ्या तीन पट्ट्या कापते. एक पट्टी पुस्तकात खूण म्हणून राहते आणि तिच्यावरच पानाचा आकडा आणि दोन-तीन शब्द लिहिते. "११२, सासू गप्प." "१४०, हे कशाला?" रात्री झोपण्याआधी पट्टीवरचं डाव्या पानावर उतरवायचं. दोन शब्दांपेक्षा जास्त लिहायला लागलात तर वाचन तुटतं, म्हणून पट्टी मुद्दाम अरुंद.

उजवं पान पुस्तक संपल्या संपल्या लिहू नका. एक रात्र जाऊ द्या. शेवट जोरात असेल तर तो आधीच्या सगळ्या उणिवा झाकतो, आणि शेवट फसला असेल तर चांगलं वाचलेलंही कडू होतं. सकाळी ओट्याशी उभी असताना त्या पुस्तकातलं जे आपोआप आठवतं, ते मी उजव्या पानावर पहिल्या ओळीत लिहिते.

गोष्ट चार ओळींत संपवा. पहिल्या काही वर्षांत मी दीड-दीड पान कथानक लिहायचे आणि मताला जागाच उरायची नाही. कथानक पुस्तकात आहेच, तुमचं म्हणणं तिथे नाही.

पन्नासाव्या पानावर थांबा

पन्नास पानं झाली की पुस्तक मिटून डाव्या पानावर एक अंदाज लिहायचा. हे पुस्तक मला काय देईन म्हणतंय, आणि कुठे जाईल असं वाटतंय? चुकेल तर चुकू दे. चुकलेला अंदाज फार कामाचा असतो.

मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट' २०१९ला आली. मी ती बऱ्याच उशिरा वाचली, कारण पुरानंतर मला नदीवरचं काही नको झालं होतं. नांदेडची गोदावरी, रोज तिच्यात पोहायला जाणारा निवेदक. पन्नासाव्या पानावर मी लिहिलं, "नदीची स्तुती असणार. मला आत्ता सोसणार नाही." उजवं पान "चुकलं" या शब्दानं सुरू होतं. नदीकाठी भेटणारी माणसं हे त्या पुस्तकाचं खरं अंग आहे. सकीनासारखी व्यक्ती, जिच्याशी एरवी पांढरपेशा माणूस चार शब्द बोलणार नाही, ती नदीमुळे निवेदकाच्या आयुष्यात येते. पोहणाऱ्याच्या अंगानं सांगितलेलं पाणी वाचताना माझ्या मनातली भीती थोडी हलली, हेही मी लिहून ठेवलं आहे. एक तक्रारही आहे. मध्यंतरी काही माणसं येतात, आपली कहाणी सांगतात आणि जातात, तेव्हा रांग लागल्यासारखं वाटतं. पण अंदाज लिहिला नसता तर मी नंतर सहज म्हटलं असतं, की मला पहिल्यापासूनच हे पुस्तक आवडलं होतं. आणि ते खरं नसतं.

नाव झाका

आपलं मत लिहून होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं वाचू नका. मलपृष्ठ नको, परीक्षण नको, प्रस्तावनासुद्धा शेवटी. आपल्याकडे प्रस्तावना लिहिणारे बहुधा जाणकार असतात आणि ते इतकं नेमकं सांगतात, की पुढे आपण त्यांच्याच डोळ्यांनी वाचत जातो. शक्य असेल तर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला. पुरस्काराचा शिक्का आणि लेखकाचं नाव, दोन्ही झाकलं जातं.

हे मी जयंत नारळीकरांकडून शिकले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी केली की ते नाव येतं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये एवढाच हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपली कथा नुसती कथा म्हणून वाचली जावी असं वाटलं, मग आपण तरी प्रत्येक पुस्तकाला तेवढी संधी द्यायला हवी.

२० मे २०२५ला नारळीकर गेले. त्या आठवड्यात मी 'यक्षांची देणगी' पुन्हा काढलं. विज्ञानकथेसाठी मी एकच कसोटी लावते. त्यातलं विज्ञान काढून टाकलं तर गोष्ट उभी राहते का? उभी राहत असेल तर विज्ञान नुसतं तोरणासारखं लावलेलं होतं. त्यांच्या कथा उभ्या राहत नाहीत, कोसळतात, आणि तीच त्यांची ताकद आहे. माणसं मात्र बरेचदा कल्पनेच्या सोयीनं बोलतात. एकमेकांना समजावून देण्याच्या निमित्तानं ती आपल्याला समजावत असतात. हे मी त्यांच्याबद्दलच्या पूर्ण आदरानं लिहिलं आहे. आदर वाटतो म्हणून उणीव लिहायची टाळली तर वहीचा उपयोगच नाही.

"कुठे?"

आता मुख्य काम. उजव्या पानावर मत लिहिलं की त्याच्याखाली "कुठे?" असा प्रश्न लिहा आणि उत्तर मिळेपर्यंत पुस्तक परत करू नका.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' माझ्या मैत्रिणीनं दिली. त्यांची ही एकमेव कादंबरी, १९३९ची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू तरुणी. मी लिहिलं, "हुरहूर लावणारी प्रेमकथा." खाली "कुठे?" लिहिलं आणि अडकले. प्रेमाचे प्रसंग काढून पाहिले. ते चांगले आहेत, पण हुरहूर तिथली नव्हती. मग सापडलं. चक्रधर मुंबईला उतरणार आहे. त्याला उतरायला घर आहे. हॅर्टाला घेऊन बोट पुढे जाणार आहे. दोघं एकाच डेकवर बसून बोलतात तेव्हाही दोघांचं बंदर वेगळं आहे, आणि आपल्याला ते सतत माहीत असतं. हुरहूर त्याची होती. मी "प्रेमकथा" हा शब्द खोडला नाही, त्याच्यापुढे "बंदरांची गोष्ट" असं लिहिलं.

याच पुस्तकानं मला आणखी एक नोंद शिकवली. पुस्तक लिहिल्याचं साल मोठ्या अक्षरात लिहा. १९३९च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं. हॅर्टाच्या माणसांवर पुढे काय ओढवणार आहे ते लिहिणाऱ्याला माहीत असणं शक्य नव्हतं. मला ते माहीत आहे. वाचताना अंगावर काटा आला त्यातला काही भाग पुस्तकानं दिला आणि काही मी माझ्या माहितीतून आणला. हे दोन भाग वेगळे लिहायला लागल्यावर माझी मतं जास्त सरळ झाली.

प्रत्येक जातीचं माप वेगळं

सगळ्या पुस्तकांना एकाच मापानं मोजू नका. पायलीनं कापड मोजत नाहीत.

भयकथा वाचून "भीती वाटली" असं लिहिण्यात अर्थ नाही. किती वाजता काय केलं ते लिहा. माझ्या वहीत नारायण धारपांच्या एका पुस्तकापुढे फक्त एवढं आहे: "११.४०, उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले." भीतीचं याहून चांगलं व्हाउचर नाही. मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी तीच चार पानं पुन्हा वाचायची आणि बघायचं, की यानं हे केलं कसं. धारपांचं मला वाटतं ते असं. त्यांची माणसं आपल्यासारखी असतात, नोकरी-घर-नातेवाईक यांत अडकलेली, आणि सांगण्याची भाषा सरळ असते. ते घाबरवायला घाईच करत नाहीत. घरातली एखादी साधी गोष्ट जरा चुकीच्या जागी दिसते, तिथे आपण सावध होतो, आणि लेखक मात्र तिकडे न बघता पुढे जातो. 'समर्थ' हा त्यांचा संकटात धावून येणारा नायक, त्याच्या कथा मला त्यामानाने कमी घाबरवतात. समर्थ आले की आता सगळं निभेल असा धीर येतो, आणि धीर आल्यावर भीती कशी टिकेल? पण त्या कथा मी आजारपणात वाचते, त्या धीरासाठीच. हेही एक मतच आहे आणि ते वहीत आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांची भीती वेगळ्या ठिकाणची असते, माणसाच्या मनातली, त्यामुळे ती दिवसाही जात नाही.

रहस्यकथेत अर्ध्यावर थांबून गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी वहीत दुमडून ठेवा. शेवटी मागे जाऊन पाहा, लेखकानं धागा आधी दाखवला होता का. दाखवून चकवलं असेल तर तो जिंकला. दाखवलाच नसेल तर तो खोटा खेळला. बाबांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं होती. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यापायी आमच्या घरात जेवणं थंड व्हायची. धाग्यादोऱ्यांच्या कसोटीवर त्यांतल्या सगळ्या उतरत नाहीत, पण प्रकरण कुठे तोडायचं हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना कळलं.

पौराणिक किंवा अनेकांच्या तोंडून सांगितलेली कादंबरी असेल तर बोलणाऱ्याचं नाव झाकून मधलं कुठलंही पान उघडा. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण बोलतात. मी हा प्रयोग केला आणि बरेचदा चुकले. सगळ्यांची भाषा सारखीच अलंकारिक आहे. शोण हा सारथ्याचा मुलगा, तोही तशाच उपमा देतो. ही माझी तक्रार मी कॉलेजातल्या एका मुलाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, पण मला ती भाषा पाठ आहे." त्याचं म्हणणंही मी तारखेनिशी लिहून ठेवलं. ज्या भाषेनं कितीतरी मुलांना पहिल्यांदा वाचनाचं वेड लावलं, तिच्याबद्दल लिहिताना तेवढं वजन दुसऱ्या पारड्यात टाकायला हवं.

बोलीतल्या कादंबरीला पहिली तीस पानं शब्दकोश उघडू नका. अडलेले शब्द डाव्या पानावर नुसते उतरवत जा. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी कव्हर घालून वाचली. भाषा पन्हाळ्याकडची, माझ्या कानाला परकी. पहिल्या दिवशी वीस पानांत सतरा शब्द अडले. पाचव्या दिवशी पाहिलं तर त्यातल्या बाराचे अर्थ न विचारता कळले होते. जी भाषा आपला अर्थ आपणच शिकवते, ती लेखकानं दाखवण्यासाठी आणलेली नसते. धरणापायी उठलेलं गाव, मागे राहिलेली म्हैस, आणि तिच्या ओढीनं पुन्हा त्या रानात जाणारा माणूस. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, आमच्या वाशिष्ठीत येतं, त्यामुळे धरण हा शब्द चिपळूणकरांच्या रोजच्या बोलण्यातला. पण धरणाच्या पलीकडच्या बाजूला काय बुडालं याचा विचार मी या पुस्तकाआधी इतका वेळ कधी केला नव्हता. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर जनावर आणि माणूस यांच्यात कोण कुणाला माणसाळवतं हेच कळेनासं होतं ते. मधे काही पानं रान-रान होतं आणि गोष्ट थांबते. तिथे मी दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं होतं. तेही लिहा, की कुठे ठेवलंत आणि का.

कथासंग्रहाचं एकच मत लिहू नका. आपल्या लक्षात पहिली आणि शेवटची कथा राहते आणि मधल्यांवर अन्याय होतो. दर कथेला एक ओळ, ती कथा संपल्यावर लगेच. जी. ए. कुलकर्णींच्या कथा मी दिवसाला एकच वाचते. दोन वाचल्या की दुसरीत आधीच कळतं, की कुणाचंच भलं होणार नाही, आणि मग पहिलीचा घाव बोथट होतो. हा दोष कथेचा नाही, माझ्या वाचण्याच्या पद्धतीचा आहे, असं मला बऱ्याच वर्षांनी समजलं. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहातल्या कथांना मात्र मी एका ओळीत बसवू शकले नाही. १९८२च्या गिरणी संपानंतरची मुंबई आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांनी सोसली. माझे एक काका संपानंतर गावी परत आले आणि पडवीत बसून राहिले. त्यामुळे या पुस्तकाबद्दल मी तटस्थ नाही, असं मी उजव्या पानाच्या वरच लिहिलं आहे. जिथे तुम्ही तटस्थ नसाल तिथे ते आधी लिहा. मग हवं तितकं भरभरून लिहा.

अनुवादाला दोन कर्ते असतात, म्हणून दोन ओळी. गोष्ट एकाची, वाक्यं दुसऱ्याची. अनुवाद तपासायचा तर एक परिच्छेद मोठ्यानं वाचा. मराठी वाक्य श्वासात बसत नसेल तर मूळ भाषेची रचना खालून डोकावते आहे. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांची पद्धत मला फार आवडते. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करत आणि त्या ते ऐकून मराठीत लिहीत. डोळ्यांऐवजी कानानं आलेला मजकूर. 'पर्व' वाचताना मी कुठे अडखळले नाही त्याचं कारण मला यात दिसतं. ते जाडजूड पुस्तक मी रात्री कंदील लावून, वीज गेलेली असताना वाचलं होतं.

मोठ्यानं वाचा

कानाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं, तेव्हा दुपारी मी त्यांना वाचून दाखवायला लागले. रोज जेवणं झाल्यावर पाऊण तास, पुढच्या पडवीत. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पण संवाद खोटा असेल तर त्या हात वर करायच्या. "अगो, असं बोलतं का कुणी?" तेवढंच. मी त्या पानाचा आकडा लिहून समासात "आ" काढायचे, आई या अर्थी. वर्षभरानं लक्षात आलं, की ज्या पुस्तकांत "आ" खूप होते ती मलाही नंतर आठवत नव्हती.

तुमच्या घरात ऐकणारं कुणी असेल तर कादंबरीतली दहा पानं तरी मोठ्यानं वाचा. नसेल तर स्वतःला वाचून दाखवा. जिथे तुमचा आवाज आपोआप घाईत येतो तिथे मजकूर भरीचा आहे. जिथे आवाज खाली येतो त्या पानाचा आकडा लिहून ठेवा.

अर्धवट सोडलेलं पुस्तक

ऐंशी पानांनंतरही पुस्तक ओढत नसेल तर सोडा, पण वहीतली दोन पानं त्याला द्याच. दोन कारणं वेगळी लिहा, पुस्तकाचं आणि माझं. "प्रत्येक प्रसंगानंतर लेखक त्याचा अर्थ सांगतो, पानं ३१, ४४, ५८" हे पुस्तकाचं. "मार्चअखेर, रात्री साडेदहाला घरी" हे माझं. दुसऱ्या कारणानं सोडलेली पुस्तकं मी वर्षानं परत आणते. त्यांतली निम्म्याहून जास्त आवडतात.

कुणाला पुस्तक सुचवायचं झालं तर वही उघडून त्यातलं एकच व्हाउचर सांगा. शेवट सांगू नका आणि "वाचाच" म्हणू नका. आमच्या कॅशिअरबाईंना मी 'रणांगण'बद्दल एवढंच म्हणाले, की दोन माणसं एका बोटीवर आहेत आणि एकालाच उतरता येणार आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुस्तक नेलं.

पुन्हा वाचाल तेव्हा

जुनं मत खोडायचं नाही. त्याच्याखाली नवी तारीख घालून नवं लिहायचं. जागा नसेल तर कागद चिकटवा.

रणजित देसाईंची 'स्वामी' मी १९९७ला वाचली, पंचविसाव्या वर्षी. ती नोंद बॉलपेनानं होती म्हणून वाचली. माधवराव पेशवे थेऊरला वारले ते १७७२ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. शेवट सगळ्यांना माहीत असूनही मी शेवटची पानं रडून वाचली होती. नोंद आहे, "इतकं प्रेम!" २०२३ला एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा वाचली. राज्याचा भार आणि घरातली भाऊबंदकी हे देसाईंनी किती संयमानं रंगवलं आहे ते या खेपेला जास्त दिसलं. काका-पुतण्याचे प्रसंग तर मी दोनदा वाचले. पण रमाबाईंपाशी अडले. त्यांच्या वाट्याला आलेली पानं मी मोजली आणि त्या एकट्या असताना स्वतःचा काही विचार करतात का, ते शोधलं. मला मिळालं ते फार थोडं. खाली लिहिलं, "प्रेम आहे. पण ती स्वतः कुठे आहे?" दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत आणि दोन्ही माझ्याच आहेत. १९९७ची मी भाबडी होते असं मला वाटत नाही. तेव्हा मला जे दिसलं ते त्या पुस्तकात आहेच.

'बनगरवाडी'च्या पानावर तीन तारखा आहेत. पहिली माझी एकटीची, २००२. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळा राजाराम मास्तर, व्यंकटेश माडगूळकरांची कमी शब्दांची भाषा. तेव्हा मी लिहिलं होतं, "छान, पण फार काही घडत नाही." दुसरी तारीख २०१४ची, सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हाची. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः उभी राहून मानेवर जू घेते तो प्रसंग आला आणि त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता म्हणतील असं कुणी करतं का. त्या म्हणाल्या, "बघितलंन हो त्यानं. ऐकून नाही लिहिलंन." आणि पुढे वाच म्हणाल्या. मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, पण वाचनाच्या नादात पानाचा आकडा घालायचा राहिला. सासूबाई २०१९ला गेल्या.

तिसरी तारीख यंदाच्या जूनची. वाचनालयातून नवी आवृत्ती आणली, जू मानेवर घेतल्याचा प्रसंग शोधला आणि त्यांच्या वाक्यापुढे पानाचा आकडा घातला. समासात "आ" काढला.